पिशवी कधी भरू?

प्रश्न: मला आठवा महिना लागलाय. बाळंतपण माहेरी, सरकारी दवाखान्यात. सासूबाई म्हणतात, बाळाचे कपडे आधी आणू नयेत. पिशवी कधी भरू, काय घेऊ?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर: सासूबाईंचं मन मोडू नकोस, नवे कपडे आणूच नकोस. जुन्या सुती साडीची चार-पाच दुपटी कर, धुऊन कडक उन्हात वाळव. खळीच्या नव्या कापडापेक्षा ती मऊ. ३६वा आठवडा लागला की पिशवी दाराशी हवी.

मी प्रसूती कक्षात नर्स होते. रात्री दोनला आलेल्या एका बाईकडे डिंकाच्या लाडवांचा भरगच्च डबा होता. रक्तगटाचा कागद मात्र कपाटात, कपाटाची किल्ली नवऱ्याकडे, आणि नवरा पुण्याला! म्हणून आधी फाइल लाव: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आधार, पासबुक. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैशांची मदत देणाऱ्या सरकारी जननी सुरक्षा योजनेत बसत असशील तर ते पैसे खात्यातच येतात. मग पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, टोपरं, चार्जर.

मधाची बाटली आणि गुटी घरीच राहू दे. पहिल्या तासात बाळाला तुझंच दूध. गाडीसाठी १०२ लाव, पैसे पडत नाहीत. नंबर आईच्या फोनमध्येही घालून ठेव.