खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोण कोणाबरोबर नांदेल?

प्रश्न : आमच्याकडे चार फूट लांब आणि दीड फूट रुंद व उंच अशी काचेची टाकी आहे. दोन महिन्यांपूर्वी तीत खारे पाणी भरले असून माशांना घातक अशा अमोनिया आणि नायट्राइट या द्रव्यांच्या दोन्ही चाचण्या आता शून्य दाखवतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून तीन डॉमिनो डॅमसेल मासे आधीच सोडले आहेत. मुलांना क्लाऊनफिशची जोडी व ब्लू टँग हवा आहे, तर मला लायनफिश आवडतो. हे सगळे एकत्र राहतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, आणि यातली पहिली अडचण टाकीत आधीच फिरते आहे. डॉमिनो आज नाण्याएवढे दिसत असले तरी ते १२-१३ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. त्यांतला एखादा दगडामागचा कोपरा बळकावून बसतो आणि नवा मासा जवळून गेला की बाणासारखा बाहेर येऊन त्याचे पर-शेपटी कुरतडतो. हे मासे काटक असतात म्हणून नव्या टाकीत प्रथम सोडण्याची पद्धत पडली, पण पुढची डोकेदुखी ग्राहकाच्या वाट्याला येते. दगड बाहेर काढावे लागले तरी चालेल, परंतु त्यांना पकडून दुकानात परत द्यावे.

लायनफिश तोंडात मावेल तो मासा गिळतो, तेव्हा क्लाऊनफिश त्याच्याबरोबर टिकणार नाहीत. शिवाय त्याचे काटे विषारी असल्यामुळे मुलांच्या घरात तो नसलेलाच बरा. ब्लू टँग सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तुमच्या टाकीचे माप २५५ लिटर भरते, पण वाळू-दगड वजा जाता पाणी २०० लिटरच्या आसपासच उरते, आणि सतत पोहणाऱ्या या माशाला ते अपुरे आहे.

क्लाऊनफिशची जोडी मात्र अवश्य ठेवा. दोन्ही मासे लहान, परंतु एक थोडा मोठा असा निवडावा. सगळे क्लाऊनफिश आधी नर असतात आणि जोडीतला वरचढ मादी बनतो, त्यामुळे आकारात फरक असला की भांडण लवकर मिटते. त्यांना ॲनिमोनची (ज्याच्या आधाराने ते समुद्रात राहतात त्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याची) गरज नसते. सोबतीला एक बांगाई कार्डिनल, एक फायरफिश आणि एक पिवळा वॉचमन गोबी पुरेसा आहे. गोबीबरोबर पिस्तूल कोळंबी मिळाली तर जरूर घ्यावी : दृष्टीने अधू असलेली ती कोळंबी दिवसभर वाळू उपसून बीळ नीट करते, गोबी दाराशी पहारा देतो आणि तिची एक मिशी त्याच्या अंगाला टेकलेली असते, धोका दिसताच त्याची शेपटी थरथरते आणि दोघे आत शिरतात. तासभर पाहत बसावे असे हे दृश्य आहे. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण हवेच.

सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. भित्रा फायरफिश आधी, मग गोबी व कार्डिनल आणि क्लाऊनफिश सर्वांत शेवटी, कारण जागा आपली ठरली की तेही दांडगाई करतात. समुद्री घोडा कोणी देऊ केला तरी घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. प्रत्येक नवा मासा निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी असल्यास तिथेच उघड होईल. त्यावरचे तांबेयुक्त औषधही त्याच टाकीत द्यावे, कारण मुख्य टाकीत ते पडले तर कोळंबी मरेल.