दहावीनंतर आयबी डिप्लोमा घ्यावा, ए-लेव्हल घ्यावी की नेहमीची बारावी करावी?

सांगलीत दहावीला असलेल्या आपल्या मुलीसाठी आपण हा प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर पदवी कोठे घ्यायची यावर अवलंबून आहे.

पदवीचा विषय आजच निश्चित असेल आणि ओढा ब्रिटनकडे असेल, तर ए-लेव्हल (ब्रिटिश पद्धतीचा बारावीच्या तोडीचा अभ्यासक्रम) सोयीची पडते, कारण तीत साधारणपणे तीनच विषय खोलवर अभ्यासावे लागतात. आयबी डिप्लोमात (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या संस्थेच्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात) मात्र सहा विषय असतात, त्यांपैकी किमान तीन उच्च स्तरावर घ्यावे लागतात, आणि त्याशिवाय कमाल ४,००० शब्दांचा स्वतंत्र संशोधन-निबंध लिहावा लागतो. तासगावच्या बेदाणा शेडवर द्राक्षे डिपिंग ऑइलमध्ये बुडवल्याने ती किती लवकर वाळतात, हे स्वतः मोजून रसायनशास्त्राचा निबंध लिहिण्याची जिला हौस आहे, तिला हा अभ्यासक्रम मानवेल. केवळ पाठांतरावर गुण मिळवणारीला तो जड जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांगलीतील वालचंदसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पर्याय खुला ठेवायचा असल्यास नेहमीची बारावीच घ्यावी. तेथील प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवर (अनुक्रमे सुमारे २० व ८० टक्के) आधारलेला असतो, तर मे सत्रातील आयबीचा निकाल जुलैच्या सुरुवातीस लागतो, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. अमेरिकेचा विचार असेल तर बारावीसोबतच एक-दोन विषयांची एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) ही महाविद्यालयीन पातळीची अमेरिकी परीक्षा देता येते. आयबी किंवा ए-लेव्हलसाठी मुलीला पुण्यात ठेवायचे झाल्यास शुल्काबरोबर तेथील वसतिगृहाचा खर्चही आधीच मांडून पाहावा.