युबाबा हा 'बाबा' नाही, आधीच सांगून टाका

ज्येष्ठ नागरिक संघाला 'स्पिरिटेड अवे' हा जपानी अॅनिमेशनपट दाखवायचाय, इंग्रजी सबटायटल्सवर भागेल का, असं विचारलंय तुम्ही. वाचून पोटात गोळाच आला. हाच उद्योग मी आमच्या सोसायटीत करून बसलोय. प्रोजेक्टर, पडदा वगैरे तुम्ही बघालच.

माझं घोडं अडलं डिस्कपाशी. एका सांस्कृतिक कार्यालयाने ती देतो म्हणून सांगितलं. पाच खेपा, तीन अर्ज, दर वेळी 'साहेब जेवायला गेलेत'. आदल्या संध्याकाळी एकदाचं पाकीट हातात पडलं आणि ते मी लावूनही पाहिलं नाही. त्यांचा कितीही राग आला तरी ही चूक माझी. दुसऱ्या दिवशी आवाज जपानी, पण खालची अक्षरं इंग्रजी डबिंगवरून उचललेली! डबिंगवाल्यांनी मुळात नसलेली वाक्यं घुसडली आहेत. सिनेमातली नायिका चिहिरो तोंड मिटून उभी आणि खाली वाक्य झळकतंय. पहिल्या रांगेतले काका मलाच विचारायला लागले, "ही बोलली कधी?" तेव्हा डिस्क कुठूनही आणा, दहा मिनिटं तरी आधी लावून बघा.

माझं स्पष्ट मत: सत्तरीच्या माणसांना सबटायटल्सच्या भरवशावर सोडू नका. एका पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत गोष्ट छापून वाटा. (इतरांना हे पटणार नाही, माहितीय.) त्यात युबाबा आणि झेनीबा या दोघी म्हाताऱ्या जुळ्या बहिणींबद्दल जरूर लिहा. आमच्याकडे 'युबाबा' ऐकून अर्धं सभागृह दाढीवाल्या बाबाची वाट बघत होतं. जपानीत बाबा म्हणजे म्हातारी! 'यु' म्हणजे गरम पाणी, झेनीबातलं 'झेनी' म्हणजे नाणं. दोन्हींची चित्राक्षरं जोडली की 'सेन्तो' होतं, पैसे देऊन आंघोळ करायचं सार्वजनिक स्नानगृह. बहिणींचं एकमेकींशी पटत नाही, युबाबा स्नानगृहाची मालकीण, झेनीबा दलदलीपल्याड झोपडीत सूत काततेय, आणि नावं मात्र अशी. मूळ जपानीत दोघींना आवाजही एकाच नटीचा, नात्सुकी मारीचा. हे मी नंतर चहाच्या वेळी सांगितलं, तर आज्या म्हणाल्या, "मेल्या, आधी का नाही बोललास?"

परवानगीचं वकिलाला विचारा, मी वकील नाही. घरी चार जणांनी बघणं वेगळं आणि हॉलमध्ये खुर्च्या मांडून दाखवणं वेगळं, एवढं मला सांगितलं गेलं.

सिनेमा 125 मिनिटांचा आहे, गुडघ्यांचा विचार करा. साधारण तासाभराने चिखलाने माखलेल्या नदीदेवाची आंघोळ आटोपते, तिथे मध्यंतर घ्या. रेल्वेचा प्रवास मात्र मध्ये तोडू नका. पाण्यावरून जाणारी ती गाडी आमच्याकडे सगळ्यांनी श्वास रोखून पाहिली, एरवी दर पाच मिनिटांनी कुणीतरी उठत होतं.

आणि हो, नाश्ता मध्यंतरातच द्या. आम्ही सुरुवातीलाच दिला. पडद्यावर चिहिरोचे आईवडील खाता खाता डुक्कर झाले, तेव्हा सगळ्यांच्या हातात बटाटेवडे होते.