कोळंबी सोलण्याच्या कारखान्यातल्या कामगारांचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही विचारलंय, धाकट्या बहिणीला कोळंबीच्या कारखान्यात काम मिळतंय, तर तिथलं आयुष्य कसं असतं आणि तिला पाठवावं का. मी अशा कारखान्यात ११ वर्षं होते, त्यातली ७ सोलायच्या टेबलावर. तेवढ्यावरून सांगते.

बाहेरून सगळं छान दिसतं. पांढरा कोट, टोपी, गमबूट, चकचकीत फरशी. पण ती स्वच्छता आणि तो गारवा मालासाठी असतो, माणसासाठी नाही. माल बर्फात, म्हणून तुमची बोटंही बर्फात. डोकं मुरगाळायचं, साल काढायचं, पाठीतला काळा दोरा ओढायचा, पुढची घ्यायची. दिवसभर, उभ्यानं.

सुरुवातीला नखुरडं होतं, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कोळंबीच्या डोक्यातल्या रसात प्रथिनं पचवणारी विकरं असतात, ती आपल्या कातडीलाही सोडत नाहीत. वर क्लोरीनच्या पाण्यात हात बुडवायचे. हे औषधानं बरं होतं. मनगटाचं तसं नाही. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची, झटकला की जरा बरं वाटायचं. सकाळी मुलीच्या फ्रॉकची बटणं मला लावता यायची नाहीत, सासूबाई लावायच्या. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली जातेय.

एकदा पाहणीला आलेल्या मुलींनी जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली आमच्याकडून भरून घेतली. त्यात 'झोपेबद्दल किती समाधानी आहात' असा प्रश्न होता. टेबलावरच्या आम्ही सगळ्या त्या प्रश्नाशी थांबलो. तोवर झोपेचा आणि कामाचा संबंध आम्हाला कुणी विचारलाच नव्हता.

खेकडे उकडतात किंवा जोराच्या पाण्यानं टेबलं धुतात, तिथे खोकला सांभाळा. वाफेतून, तुषारांतून ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन छातीत जातं आणि काहींना त्याचा दमा जडतो. सुट्टीत खोकला कमी आणि कामावर गेलं की पुन्हा सुरू, ही त्याची खूण. ती दिसली की लगेच डॉक्टरला दाखवून विभाग बदलून मागावा. उशीर केला तर काम सोडल्यावरही दमा राहू शकतो.

आणि खरी मेख मजुरीत आहे. किलोवर पैसे असले की बाई स्वतःच स्वतःचे हाल करते. मोजे घातले की हात मंदावतो, म्हणून मोजे काढते. लघवीला गेलं तर ट्रे मागे पडतो, म्हणून पाणीच पीत नाही, मग उन्हाळी लागते. माझंही हेच झालं. त्यात माल आला तर रात्रीपर्यंत थांबा, नाही आला तर घरी बसा.

तरीही मी बहिणीला पाठवू नका म्हणणार नाही. माझ्या नावावर पहिल्यांदा पैसे जमा झाले ते याच कामाचे, मुलीचं शिक्षणही त्यातूनच झालं. टेबलावरच्या बायका आजही माझ्या दुखण्याखुपण्याला धावून येतात. फक्त आधी विचारून घ्या: पैसे रोजावर की किलोवर? मोजे कोण देतं, फाटले की बदलून मिळतात का? दर थोड्या तासांनी टेबल बदलून देतात का? सुपरवायझर काहीही सांगेल. शिफ्ट सुटताना फाटकाशी उभ्या राहा, जुन्या बायकांशी बोला आणि त्यांचे हात बघा.