मामांचा जुना पीएस२ मिळालाय. त्यावर गोष्ट असलेले आरपीजी कोणते खेळावेत?

तुम्ही लिहिलंय की मामांनी त्यांचा पीएस२ (सोनीचं गेम खेळायचं मशीन, प्लेस्टेशन २) तुम्हाला दिला, नाशिकच्या अंबडला मेंटेनन्समध्ये शिफ्ट असते, रात्री जेमतेम तासभर मिळतो, इंग्रजी बेताचं आहे आणि नुसती मारामारी नको, गोष्ट हवी. मी सिडकोत वाढलो आणि याच मशीनवर आरपीजी (पात्रं वाढवत गोष्ट पुढे नेण्याचे गेम) खेळायला शिकलो, म्हणून सरळ सांगतो: पहिला ड्रॅगन क्वेस्ट ८ घ्या. बहुतेक जण आधी फायनल फँटसी १० सुचवतील. तोही अप्रतिम आहे, पण तुमच्यासाठी तो दुसरा.

ड्रॅगन क्वेस्ट ८ जपानमध्ये २००४ ला आला, आपल्याकडे चालणारी पाल (युरोप आणि आपल्याकडच्या मशीनसाठीची) सीडी २००६ ची. शोधताना एक लक्षात ठेवा, पालच्या कव्हरवर ८ हा आकडा नसतो. नुसतं ‘ड्रॅगन क्वेस्ट: द जर्नी ऑफ द कर्स्ड किंग’ एवढंच लिहिलेलं असतं. मी हाच गेम मेन रोडच्या एका दुकानात दोनदा हातात घेऊन परत ठेवला होता, कारण मी आठ शोधत होतो.

गोष्ट अशी. ढोलमेगस नावाचा विदूषक राजवाड्यातला जादूचा दंड चोरतो आणि सगळ्या राज्याला शाप देतो. राजाचा हिरवा बुटका राक्षस होतो आणि राजकन्येची पांढरी घोडी. ती घोडी आपल्याच बापाची गाडी ओढत गावोगाव फिरते आणि आपण सोबत चालतो. पुढे एका झऱ्याचं पाणी प्यायल्यावर ती थोडा वेळ माणसात येते. आमच्या घरी तो प्रसंग आला तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. ती जुडी तशीच ठेवून टीव्हीसमोर आली, आणि त्यानंतर रोज विचारायची, “त्या पोरीचं काय झालं रे?” मी तिला संवाद मराठीत सांगायचो. माझं इंग्रजी जे काही सुधारलं, ते तिथे.

तुमच्यासाठी हा गेम का, तर तो थांबतो. लढाईत तुमची पाळी आली की तुम्ही ठरवेपर्यंत समोरचा राक्षसही उभा राहतो. गावातल्या माणसांचं बोलणं बटण दाबेपर्यंत पडद्यावरून हलत नाही, शब्द अडला तर मोबाइलमध्ये अर्थ बघायला भरपूर वेळ. फायनल फँटसी १० मधलं बोलणं तसं थांबत नाही. तिथले प्रसंग आवाजासकट आपोआप पुढे सरकतात, डोळा चुकला की वाक्य गेलं. (यांगस नावाचा जाडजूड साथीदार लंडनच्या खालच्या वस्तीतल्या बोलीत बोलतो. ती पहिल्या दिवशी कळली नाही तरी घाबरू नका, चौथ्या दिवशी कान सरावतो.)

दुसरं कारण हरण्याचं. इथे सगळे मेले तर चर्चमध्ये जिवंत होता, हातातलं निम्मं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव आणि लेव्हल शाबूत राहते. म्हणजे तासभर खेळून हरलात तरी तो तास पाण्यात जात नाही. सोनं मोठ्या गावातल्या बँकेत ठेवत जा. फायनल फँटसी १० मध्ये हरलात की मागच्या सेव्हपासून सगळं पुन्हा.

मात्र सेव्ह फक्त चर्चमध्ये होतं, आणि इथेच मी पोळलोय. २००७ मध्ये आमच्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात यायचं. मी त्यावर विश्वास ठेवून एका बुरुजात शिरलो आणि लाईट अर्धा तास आधीच गेली. अडीच तासांचा खेळ गेला. त्या रात्री मी जेवलो नाही. तेव्हापासून गेममधल्या पिशवीत कायम दोन-तीन किमेरा विंग नावाची वस्तू ठेवतो. दुकानात स्वस्त मिळते, वापरली की थेट गावात. गुहेच्या आत ती चालत नाही, तिथे आधी इव्हॅक मंत्राने बाहेर पडायचं. झोपायच्या दहा मिनिटं आधी चर्च गाठायची सवय लावा, आणि घरी इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि मशीन दोन्ही त्यावर घ्या.

खेळताना एक चूक सगळे करतात. प्रत्येक पात्राला पाच कौशल्यं असतात आणि लेव्हल वाढली की गुण मिळतात. ते पाचांत वाटू नका. यांगसला कुऱ्हाड द्यायची ठरलं तर आधी कुऱ्हाडच. गुण विखुरले की ढोलमेगसशी गाठ पडते तिथे खेळ अडतो, कितीतरी जणांनी तिथेच सोडलाय. त्याच्यासाठी आणखी एक युक्ती: दरवेळी वार करायलाच हवा असं नाही. दोन-तीन पाळ्या जोर साठवण्यात घालवा. तो ५, २०, ५० असा चढतो, मग एकच घाव असा बसतो की आधीच्या पाळ्या भरून निघतात.

मुख्य गोष्ट संपायला साठेक तास लागतील. रोज एक तास म्हणजे दोन महिने, पावसाळा निघून जाईल.

मग फायनल फँटसी १०, २००१ चा. लढाईत पुढच्या पाळ्या कोणाच्या ते बाजूला दिसतं आणि भर लढाईत खेळाडू बदलता येतो, हे मला आजही त्या काळातलं सर्वात सुंदर लढाईचं गणित वाटतं. पाल सीडीत अमेरिकन सीडीत नसलेले भयंकर शत्रू आहेत. त्यातला एक शेवटी शेवटी बेसेड गावाच्या तोंडाशी वाट अडवून बसतो, म्हणून सुरुवातीला तिथे असतानाच, युना या साथीदाराला वॅलेफोर (ती लढाईत बोलावते तो जादूचा प्राणी) मिळाल्यावर, गावातल्या कुत्र्याशी बोलून घ्या. तो वॅलेफोरसाठी एक जबरदस्त हल्ला देतो.

फायनल फँटसी १२ तुम्ही नक्की खेळा, पण तिसरा. त्यात साथीदारांना आधीच नियम लावून द्यायचे असतात: कोणाची ताकद ५० टक्क्यांखाली गेली तर औषध दे, नाहीतर समोरच्यावर वार कर. वरचा नियम आधी तपासला जातो, मग खालचा. तुम्ही पॅनलवर पीएलसी (कारखान्यातली मशीनं नियमांनी चालवणारा छोटा संगणक) बघत असाल तर पहिल्या तासात घरच्यासारखं वाटेल. पर्सोना ४ ही चांगला आहे, पण त्यात वाचायला फार असतं, इंग्रजी बसल्यावर घ्या.

पीएस२ वर पीएस१ च्या सीडीही चालतात. त्यात माझा जीव सुइकोडेनवर. एका जुन्या चिनी कादंबरीतल्या १०८ बंडखोरांवरून सुचलेला, आणि त्यातही १०८ माणसं जमवायची, जपमाळेच्या मण्यांएवढी. एकेक माणूस आला की आपला किल्ला भरत जातो: स्वयंपाकी येतो, लोहार येतो, दुकान थाटलं जातं. वीसेक तासांत संपतो. पहिल्या भागाचं सेव्ह जपून ठेवा, ते दुसऱ्या भागात उघडतं.

फक्त सुइकोडेन घ्यायच्या आधी मामांचं खोकं नीट बघा. पीएस२ च्या ८ एमबीच्या मेमरी कार्डावर पीएस१ चे गेम सेव्ह होत नाहीत, त्यांना १५ ब्लॉकचं पीएस१ चं वेगळं कार्ड लागतं. आणि कुठलीही सीडी घेताना ती पाल आहे ना ते पाहा. चिप न बसवलेल्या आपल्याकडच्या मशीनवर अमेरिकन सीडी चालत नाही.