पाळी आपली, टाळ सगळ्यांचा

लंडनच्या ताई,

पोहणं, मराठी शाळा, वाणसामान, आईचा फोन, यात शनिवार-रविवार सरतो, देवापुढं बसलं की कुणीतरी दार वाजवतं आणि नाही म्हटलं तर मनाला लागतं, असं तुम्ही लिहिलंत.

गोव्यातल्या वास्कोचा दामोदर सप्ताह आठवा. नाव सप्ताह, पण नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेलं भजन 24 तास चालतं. टाळ थांबत नाही. पण 24 तास बसून कुणीच राहत नाही. पाळ्या असतात. आमचे मामा पहाटे 3 ला बसायचे. तेवढा वेळ ते कुणाचे भाऊ नाहीत, कुणाचे बाप नाहीत. पुढच्या मंडळीनं ठेका धरला की उठले, बाहेर येऊन पहिला चहा घेतला.

तुम्हीही 20 मिनिटांची पाळी धरा. वेळ घड्याळाची ठेवा. तुमच्याकडं जूनमध्ये सूर्य रात्री 9 नंतर मावळतो, डिसेंबरात 4 च्याही आधी. सांजवात सूर्यावर सोडाल तर कधी लागायचीच नाही. फोन पिठाच्या डब्यामागं. आईशी शनिवारी दुपारी अडीचला बोला, इथं तेव्हा 7 वाजलेले असतात, तिची दिवाबत्ती होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमचं घड्याळ मागं गेलं की दीडला.

आणि दार वाजलं तर? एकदा मी स्तोत्र म्हणताना शेजारीण आली. मी हातानं ‘थांब’ म्हटलं. स्तोत्र संपवून बाहेर आले तर ती गेलेली. नातवाला ताप होता, रिक्षा बघायला कुणी हवं होतं. त्या दिवशी काय म्हटलं, मला एक ओळ आठवत नाही.

तेव्हापासून मी एवढंच बघते: दारातल्याला आत्ता माणूस लागतोय का? लागत असेल तर उठायचं, पाळी नवऱ्याच्या नाहीतर मुलीच्या हाती द्यायची, वात तेवढी विझू द्यायची नाही. वाढदिवसाचं बोलावणं, ग्रुपवरची चर्चा थांबू शकते. दर वेळी देवाला कौल लावायला नको. मूर्तीला लावलेली पाकळी उजवी पडली की डावी, देवाचा होकार की नकार, हे बघत बसलो तर तापलेलं पोर तसंच राहायचं.

पोहणं बंद करू नका. वेळ काढायचाच तर वाणसामानातून काढा. पंधरवड्याचं एकदम आणा, तांदूळ काही पळून जात नाहीत.