शिसे, प्रथिने आणि अर्धे खरे

प्रश्न : माझे यजमान भोसरीत जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करतात. शरीरातील प्रथिनेच शिसे बांधून निकामी करतात, असे ऐकले. मग काळजीचे कारण उरते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : उरते. आपण ऐकलेत ते अर्धेच खरे आहे. घोड्याच्या मूत्रपिंडात १९५७ साली प्रथम सापडलेले मेटॅलोथायोनीन हे छोटे प्रथिन आपल्याही शरीरात असते; त्यातील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या सुमारे २० घटकांचा गंधक शिशाला धरून ठेवतो आणि पेशीतील नाजूक विकरांची (एन्झाइमांची) काही अंशी राखण करतो. परंतु प्रत्येक पकड संरक्षक नसते. रक्तातील सुमारे ९९ टक्के शिसे तांबड्या पेशींत असते आणि तेथे ते हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग, घडवणाऱ्या ‘अलाड’ या विकरातील जस्ताला हुसकावून त्याचे कामच बंद पाडते. शिवाय बांधले गेलेले शिसे शरीराबाहेर गेलेले नसते. हाडांत ते वर्षानुवर्षे साचून राहते.

यजमानांच्या रक्तातील शिशाची तपासणी अवश्य करून घ्यावी. घरात लहान मुले असतील, तर कामाचे कपडे घरी आणू नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. आहारात लोह व कॅल्शियम कमी पडल्यास शिसे अधिक शोषले जाते. शिसे काढणारी औषधे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.